सिनेमाच्या आधीचे फाळके आणि उन्हात घट्ट होणारा सरस

मागच्या दिवाळीत कुरखेड्याला घरी गेलो होतो, तेव्हा मावशीच्या बचत गटाने माझ्यावर एक काम टाकलं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक असतं, बाहेरगावचे पाहुणे येतात. गटाला मंडईत विकायला कापडी पिशव्या करायच्या होत्या. पिशवीवर मोहाच्या फुलांचा झुबका आणि खाली ‘मोहफुलांचं कुरखेडा’ एवढी एक ओळ. शिवण त्यांची, छपाई माझी, कारण मी इंजिनिअर. मी सॉफ्टवेअरवाला आहे आणि आयुष्यात कापडावर काही छापलेलं नाही, हे सांगून काही उपयोग झाला नाही.

म्हणून स्क्रीन प्रिंटिंग शिकलो. आणि ते शिकताना दादासाहेब फाळके भेटले, ज्यांची मी अजिबात अपेक्षा केली नव्हती. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे. पण आधी उन्हातली स्क्रीन कशी बनते ते सांगतो, नाहीतर फाळके कशात मुरलेले होते ते कळणार नाही.

लाकडाच्या चौकटीवर बारीक जाळीचं पॉलिएस्टर कापड ढोलकीसारखं ताणून बसवायचं. पूर्वी इथे खरंच रेशीम असायचं, म्हणून सिल्क स्क्रीन. त्या जाळीवर फोटो इमल्शनचा पातळ थर द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत वाळवायचं. चित्र काळ्याकुट्ट शाईत पारदर्शक कागदावर घ्यायचं. मी लेझर प्रिंटरवर बटर पेपरच्या दोन प्रती काढल्या, खोबरेल तेलाचा हात फिरवला आणि एकावर एक जुळवल्या. हा कागद वाळलेल्या इमल्शनवर ठेवून वर काच दाबायची आणि चौकट उन्हात न्यायची. ऊन लागलेलं इमल्शन घट्ट होतं आणि पाण्यात विरघळत नाही. काळ्या शाईखाली ऊन पोचत नाही, तिथलं इमल्शन मऊच राहतं. नंतर पाण्याचा फवारा मारला की मऊ भाग वाहून जातो आणि चित्राच्या आकाराची जाळी मोकळी होते. त्यातून स्क्वीजीने रंग ढकलला की खाली कापडावर चित्र उमटतं. वीज लागत नाही, आणि आमच्याकडे ही मोठीच सोय आहे.

माझी पहिली स्क्रीन धुताना अख्खी वाहून गेली. मध्येच ढग आले होते आणि मी घड्याळ लावून निर्धास्त बसलो होतो. दुसऱ्या वेळी जास्त वेळ ठेवली. तेव्हा काळ्या रेषांच्या कडेने प्रकाश आत शिरला, बारीक जागाही घट्ट झाल्या आणि दोन्ही अनुस्वार बुजले. पिशवीवर ‘मोहफुलाच कुरखेडा’ आलं. मावशी हसली, पण कापड वाया गेलं ते गेलंच.

मग प्रश्न पडला की हे तंत्र आपल्याकडे आणलं कुणी? स्क्रीनचं नव्हे, त्यामागचं. प्रकाशाने सरस घट्ट होतो आणि त्यातून छपाईचा साचा बनतो, ते. शोधत गेलो तर रविवर्मा प्रेस, ब्लॉकमेकिंग आणि फोटोलिथो असं करत करत नाव आलं धुंडिराज गोविंद फाळके. शाळेतल्या सामान्यज्ञानात त्यांच्याबद्दल एकच ओळ पाठ केलेली: भारतीय चित्रपटाचे जनक, राजा हरिश्चंद्र, १९१३. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ पाहिलेला होता. तो सिनेमा सुरू होतो तेव्हा फाळक्यांनी छापखाना सोडलेला असतो. छापखान्याआधीची आणि छापखान्यातली मिळून जवळजवळ वीस वर्षं पडद्यावर येतच नाहीत. मला तीच वीस वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. मुंबईत विल्सन कॉलेजात त्यांना नोकरी लागली आणि घर मुंबईला आलं. धुंडिराजला शास्त्रीपणात रस नव्हता. १८८५ मध्ये तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि पुढे मोठ्या भावाबरोबर बडोद्याला गेला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन सुरू झालं. नावावरून चित्रकलेची शाळा वाटते, पण ती होती तंत्रशाळा, आजच्या भाषेत पॉलिटेक्निक. प्रमुख होते रसायनतज्ज्ञ त्रिभुवनदास गज्जर. कापड रंगवण्याच्या रसायनशास्त्रात या माणसाचा हातखंडा. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं, ते दगडाला धक्का न लावता काढून दाखवणारे हेच गज्जर.

फाळके तिथे चित्रकला शिकले, नेपथ्य आणि वास्तूंच्या प्रतिकृती शिकले आणि फोटोग्राफीच्या नादी लागले. गज्जरांनी मुलाची ओढ ओळखली. कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरायला दिली. तीन रंगांचे ब्लॉक, फोटोलिथोग्राफी आणि डार्करूमचं काम शिकायला रतलामला धाडलं. आपल्याकडे गुरु म्हटलं की संगीत आठवतं. लॅबची किल्ली विद्यार्थ्याच्या हातात देणारा गुरु मात्र कुणी सांगत नाही.

आता जरा रसायनात शिरू. १८३९ मध्ये मंगो पाँटन या स्कॉटिश माणसाच्या लक्षात आलं की पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये बुडवलेला कागद उन्हात रंग बदलतो. १८५२ मध्ये टॅलबटने दाखवलं की जिलेटिनमध्ये, म्हणजे शुद्ध केलेल्या सरसामध्ये, डायक्रोमेट मिसळून उन्हात धरलं तर ते जिलेटिन पाण्यात विरघळेनासं होतं. होतं असं की प्रकाशामुळे क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते बदललेलं क्रोमियम जिलेटिनच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतं. सुटे दोरे होते, त्यांचं जाळं विणलं जातं. १८५५ च्या सुमारास फ्रान्समध्ये प्वातव्हँने याच गुणावर छपाईच्या पद्धती बसवल्या. कॅमेऱ्यातल्या चांदीच्या क्षारांचं काम वेगळं. तिथे प्रकाश फक्त न दिसणारी खूण करतो आणि ती उठवायला रसायन लागतं. डायक्रोमेटच्या सरसात मात्र सगळं काम प्रकाश स्वतः करतो. पाण्याने फक्त धुवायचं.

फाळक्यांच्या धंद्यात हे दोन तऱ्हांनी लागायचं. फोटोलिथोमध्ये जिलेटिन आणि डायक्रोमेट लावलेला कागद निगेटिव्हखाली प्रकाशात धरत, त्यावर शाई चढवत आणि ती शाईची प्रतिमा लिथोच्या दगडावर उतरवत. ब्लॉकमध्ये हाच थर तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर द्यायचा. धुतल्यावर जो घट्ट सरस उरतो तो ॲसिडपासून पत्रा वाचवतो, बाकीचा पत्रा ॲसिड खातं, आणि उंचवट्यांचा साचा तयार होतो. फोटोतल्या करड्या छटा छापायच्या तर आणखी एक युक्ती: बारीक आडव्याउभ्या रेघांची काच मध्ये ठेवून चित्राचे लहानमोठे ठिपके करायचे. रंगीत चित्र म्हणजे एकेका रंगाचा वेगळा साचा आणि सगळे कागदावर अगदी एकाच जागी पडायला हवेत. एक केसभर सरकला तरी देवीच्या ओठांचा लाल रंग गालावर जातो. छापखान्यात याला रजिस्ट्रेशन म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या काळात साचे प्रकाशात धरायला ऊन किंवा आर्क लाइट असायचा. म्हणजे ढग, ऋतू, दमट हवा, काचेवरची धूळ या माझ्या अंगणातल्या अडचणी त्यांच्याही रोजच्याच. फरक एवढाच की मी दोन स्क्रीन वाया घालवून वैतागलो, आणि त्यांनी त्यावर पोट भरलं.

पोट भरणंही सोपं नव्हतं. फाळके फोटोग्राफर म्हणून गोध्र्याला गेले. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ काढला तर कॅमेरा माणसाचं बळ शोषून घेतो अशी लोकांची भीती आडवी आली. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. जादूही शिकले, नावातली अक्षरं उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने खेळ करायचे. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, गिरिजा करंदीकर यांच्याशी. सासरी त्यांचं नाव सरस्वती झालं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी मिळाली. आमच्या घरी ऐकलं असतं तर पेढे वाटले असते.

ती नोकरी त्यांनी १९०६ च्या सुमारास सोडली. स्वदेशीचं वारं होतं. लोणावळ्याला फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स उघडलं. जागाही बरोबर निवडली, कारण जवळच माळवलीला रविवर्मा प्रेस होता. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला आणि पुढे इकडे हलवलेला हा छापखाना देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी पोचवत होता. आजीच्या देव्हाऱ्यामागे जी काचेतली लक्ष्मी आहे, ती याच घराण्यातली. फाळके या प्रेससाठी फोटोलिथोची कामं करायचे. पुढे कारखाना दादरला गेला, भागीदार बदलले, नाव लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झालं, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला ते जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचं नाव झालं. मग भागीदारांशी बिनसलं आणि फाळके हात हलवत बाहेर पडले. वय चाळिशीचं. यंत्रं तिथेच राहिली. डोक्यात आणि बोटांत होतं तेवढंच बरोबर आलं.

इथून पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. गिरगावात तंबूतल्या थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तिथे आपले राम-कृष्ण दिसायला लागले. दिवसरात्र चित्रपट पाहून पाहून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून १ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत निर्मिती पाहिली, विल्यमसन कॅमेरा घेतला आणि दोन महिन्यांत परतले.

दोन महिने! हे वाचताना मी थांबलो. मला नवीन फ्रेमवर्क शिकायला दोन महिने लागतात, तेही शिकवणारे हजार व्हिडिओ हाताशी असताना. या माणसाने समुद्रप्रवास धरून तेवढ्या वेळात एक अख्खा उद्योग उचलून आणला. याला ध्यास म्हणतात, जिद्द म्हणतात. मला वाटतं यात जिद्दीइतकाच वाटा रतलाम आणि लोणावळ्याचा आहे. नवं शिकायचं होतं ते फार थोडं. निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह काढणं, डार्करूमची शिस्त, रसायनांचं प्रमाण, प्रकाश किती वेळ द्यायचा याचा अंदाज, हे सगळं हातात मुरलेलं होतं. आणि रजिस्ट्रेशन. सिनेमाची फिल्म म्हणजे दुसरं काय? सेकंदाला पंधरा-सोळा चित्रं, एकामागून एक, प्रत्येक चित्र अचूक एकाच जागी पडलं पाहिजे. छापखान्यात तीन रंग जुळवणाऱ्याला इथे शेकडो फूट फिल्म जुळवायची होती.

फिल्मच्या कडेची भोकं म्हणजे तेच काम. कच्ची फिल्म भोकांशिवाय यायची. ती भोकं यंत्राने पाडायची आणि तीही अंधारात, कारण प्रकाश लागला तर सगळं गेलं. हे काम सरस्वतीबाई करायच्या. रसायनं कालवणं, कॅमेऱ्यात फिल्म भरणं आणि डेव्हलप करणं त्या शिकल्या, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. पुस्तकांत हा भाग पत्नीची साथ या मथळ्याखाली येतो. मला ते पटत नाही. आजच्या कंपनीत याला लॅब हेड म्हटलं असतं आणि श्रेयनामावलीत नाव दिलं असतं.

भांडवल मिळवायला फाळक्यांनी जे केलं ते तर आमच्या धंद्यात रोज चालतं. त्यांनी डेमो दाखवला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेऱ्याने दिवसागणिक थोडं थोडं चित्रण घेत महिनाभराहून अधिक काळ ते चालवलं. पडद्यावर मिनिटभरात बी फुटून वेल वर चढली. ‘अंकुराची वाढ’ नावाची ही छोटी फिल्म पाहून पैसे लावणारे तयार झाले. मग दादरला उन्हाच्या भरवशावर राजा हरिश्चंद्र चित्रित झाला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना म्हणून अण्णा साळुंके नावाच्या तरुणाने ती केली. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लागला आणि चालला. पुढे लंकादहन आणि मग कालिया मर्दन आले, नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. भागीदारांशी तिथेही बिनसलं, फाळके सोडून गेले, परत आले. बोलपट आले तेव्हा त्यांच्या हातातली कला जुनी झाली होती. १९३७ चा गंगावतरण हा त्यांचा एकुलता एक बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते गेले, तेव्हा हाताशी फारसं काही उरलं नव्हतं.

या सगळ्यात माझी सर्वांत आवडती फिल्म वेगळीच आहे. १९१७ च्या सुमारास फाळक्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ नावाची छोटी फिल्म केली. त्यात ते स्वतः नटांना सूचना देताना, फिल्मचं काम करताना दिसतात. त्याच सुमारास नवयुग मासिकात चित्रपटाच्या धंद्यावर लेखमालाही लिहिली. धंद्याची गुपितं झाकून ठेवायच्या काळात हा माणूस आपलं तंत्र उघडून दाखवत होता. अशा साइटवर लिहिणाऱ्या आम्हा लोकांचा हा खापरपणजोबाच.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या वाटेने गेलो नाही. स्क्रीनचं सामान घ्यायला नागपूरला गेलो, तेव्हा दुकानात दोन पर्याय होते. एक बायक्रोमेट, म्हणजे तेच जुनं डायक्रोमेट; नारिंगी खडे, स्वस्त, उन्हात पटकन काम करणारं. दुसरं डायझो, जरा महाग आणि जरा मंद. मोह स्वस्ताचाच होत होता. शंभर वर्षांची परंपरा आहे, फाळक्यांनी वापरलंय, असंही मनात आलं. पण डायक्रोमेटमधलं क्रोमियम सहा संयुजेचं असतं. ते कॅन्सर करतं हे आज माहीत आहे. कातडीला लागलं तर चरे पडतात. आणि स्क्रीन धुतलेलं पाणी जाणार कुठे? आमच्या अंगणात मोरीचं पाणी परसात मुरतं, आणि परसातच विहीर आहे. धुणार होत्या गटाच्या बाया, उघड्या हातांनी. डायझो घेतलं. तुम्ही घरी करणार असाल तर तुम्हीही तेच घ्या, आणि तरीसुद्धा हातमोजे घाला.

तिसऱ्या स्क्रीनच्या आधी मी शहाण्यासारखी पट्ट्यांची चाचणी केली. छोट्या चौकटीवर इमल्शन लावलं, चित्र ठेवलं, वर पुठ्ठा झाकला आणि दुपारी बाराच्या उन्हात दर मिनिटाला पुठ्ठा बोटभर मागे सरकवला. एकाच जाळीवर एक ते सहा मिनिटांच्या सहा पट्ट्या मिळाल्या. धुतल्यावर एक आणि दोन मिनिटांच्या पट्ट्या वाहून गेल्या, तिसरी बुळबुळीत राहिली, पाच आणि सहामध्ये बारीक टिंबं बुजली. चार मिनिटांची पट्टी नेमकी आली. डार्करूममध्ये शिकणाऱ्याला ही चाचणी पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मला कापड वाया घालवल्यावर सुचली.

मोठी स्क्रीन चार मिनिटांवर केली. धुवायला शेजाऱ्यांचा नवाकोरा फवारणी पंप आणला. औषध मारलेला पंप चुकूनही घेऊ नका. आधी दोन मिनिटं पाण्यात भिजवली, मग बारीक फवारा मारला. मोहाची फुलं मोकळी झाली, मग अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी दोन्ही अनुस्वार. जाळी आकाशासमोर धरली तर दोन टिंबांतून उजेड येत होता. मावशीने ती माझ्या हातातून घेतली आणि पहिली पिशवी स्वतः छापली. पहिल्या काही पिशव्यांवर रंग जरा पसरला, त्या घरात वापरायला ठेवल्या. बाकीच्या मंडईत गेल्या.

आता गटाला उन्हाळ्यात दुसरं चित्र करायचंय. एप्रिलचं ऊन नोव्हेंबरच्या उन्हापेक्षा कडक, त्यामुळे चार मिनिटं चालणार नाहीत. पट्ट्यांची चाचणी पुन्हा करावी लागेल. मी पुण्यात असेन, म्हणून पुठ्ठा कसा सरकवायचा ते मावशीला दाखवून आलोय.